तोंड वाकडं न करण्याची तालीम

उष्ण देशात पहिल्यांदा जाणाऱ्या माणसाने कोणती तयारी करावी, हे आमच्या लिप्निक गावात सगळ्यांना ठाऊक होतं. जे जन्मात कधी गाव सोडून गेले नव्हते त्यांना तर जरा जास्तच ठाऊक होतं. यारमिला आजी व्हिएतनामला निघाली आहे हे कळल्यापासून खाटकाच्या दुकानात, चर्चच्या पायरीवर, जिथे भेटेल तिथे लोक तिला थांबवायचे आणि शहाणपण शिकवायचे. सुती कपडे घे, बाह्या लांब असू देत. बर्फ घातलेलं काही पिऊ नकोस. दातसुद्धा बाटलीतल्या पाण्याने घास. चपलेत पाय घालायच्या आधी चप्पल उलटी करून आपट. आणि रोज सकाळी अनशापोटी स्लिवोवित्सेचा एक घोट घे, मग कसला जंत आणि कसली हगवण! आलुबुखारची ही दारू आमच्याकडे खोकल्यापासून कॉलऱ्यापर्यंत सगळ्याला चालते.

आजीने सांगितलेलं सगळं केलं. दोन सैल सुती झगे शिवून घेतले. विमानात पाय सुजतात म्हणून घट्ट मोजे आणले. डासांचं मलम आणलं, त्याला रॉकेलमध्ये लिंबू पिळल्यासारखा वास होता. लसी टोचून घ्यायला ती जिल्ह्याच्या गावी गेली, तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंनी भिंतीवरची चित्रं दाखवली. एका चित्रात माणसाच्या पोटरीच्या कातडीखालून जंत वळवळत वर गेलेला होता. शेजारच्या खुर्चीतला धट्टाकट्टा तरुण ते बघून पांढराफटक पडला. आजीने मात्र चष्मा पुसला आणि चित्र जवळ जाऊन नीट पाहिलं. तिची उभी हयात इस्पितळाच्या धुलाईखान्यात गेली होती. रक्त, पू, घाण, सगळं तिच्या हातांखालून गेलेलं. माणसाच्या घाणीची तिला कधी किळस वाटली नाही.

किळस यायची ती माशांची. नाताळात सगळ्यांच्या घरी कार्प तळतात म्हणून तीही तळायची, पण आधी रात्रभर दुधात भिजवून, आणि तळताना खिडक्या उघड्या टाकून, बाहेर बर्फ पडत असला तरी. वर्षातून एकदा. त्यापलीकडे मासा या प्राण्याशी तिचं काही देणंघेणं नव्हतं.

आणि आता तिच्या स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यामागे, एक बाटली लपवलेली होती. तिच्यात माशांचं पाणी होतं. मासे आणि मीठ पिंपात भरायचं, झाकायचं, महिनोन्‌महिने ऊन खात ठेवायचं, आणि मग पिंपाच्या तळातून जो तपकिरी अर्क गळतो तो बाटलीत भरायचा. व्हिएतनामी माणसाचा घास त्याच्यावाचून खाली उतरत नाही. आजीचा घास नुसत्या वासाने वर यायचा.

तरी रोज दुपारी, शेजारीण डुलकी घेत असताना, आजी दार लावून घ्यायची, बाटली काढायची, झाकण फिरवायची आणि नाक पुढे करायची. पहिल्या दिवशी तिने झाकण उघडलं आणि तसंच बंद केलं. दुसऱ्या दिवशी एक थेंब चमच्यावर घेतला आणि चमचा सिंकमध्ये फेकून दिला. तिसऱ्या दिवशी थेंब जिभेवर ठेवला. मग बराच वेळ ती सिंकवर वाकून उभी होती, डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि तोंडाने सगळ्या संतांचा उद्धार.

हे सगळं चाललं होतं ते कार्लिकसाठी.

कार्लिकचं खरं नाव क्वांग. त्याची आई लिएन तरुणपणी इथल्या सूतगिरणीत कामाला म्हणून आली होती. गिरणी बंद पडली तसे ती आणि तिचा नवरा बाजारात कपडे विकायला लागले. पहाटे अंधारात निघायचं, रात्री परतायचं. अशा घरांतली पोरं आमच्याकडे कुणातरी म्हाताऱ्या बाईकडे वाढतात. तिला वेगळं नाव नाही, नुसतं आजी म्हणतात. यारमिलाने त्या पोराला हाताने भरवलं, त्याचं शी-शू काढलं, पहिलीच्या पुस्तकातून वाचायला शिकवलं, आणि क्वांग म्हणताना जीभ अडते म्हणून त्याचा कार्लिक केला. तो आता ब्रनोला एका कंपनीत इंजिनिअर होता. त्याचं लग्न ठरलं होतं, पण ते व्हिएतनामला, आजोबांच्या गावी व्हायचं होतं, कारण लिएनच्या वडिलांना आता खाटेवरून ओसरीपर्यंत यायलाही दोघं लागायचे.

गेल्या साली त्यांच्या नववर्षाला एक प्रकार घडला होता. लिएनच्या घरी सगळे जेवायला बसले होते, आजोबा फोनच्या पडद्यावरून बघत होते. लिएनच्या भावाने मोठ्या मानाने आजीच्या वाटीत माशांच्या पाण्यात बुडवलेला एक निथळता तुकडा वाढला. आजीने तो तोंडात घातला, आणि तिच्या तोंडाचं जे व्हायचं ते झालं. ओठ एकीकडे, डोळे दुसरीकडे. ती तोंडावर हात धरून जिन्यावरून खाली पळाली. मागून आजोबांनी विचारलं म्हणे, "आपल्या पोराच्या आजीला आपलं अन्न चालत नाही का?"

म्हणून कार्लिकने या सोमवारी फोन केला तो जरा चाचरतच.

"आजी, मी असं ठरवलंय, तुझ्यासाठी वेगळं टेबल लावू. हॉटेलातून बटाटे मागवतो, भाजलेली कोंबडी मागवतो. माझ्या कंपनीतले दोन जर्मन येतायत, ते पण तिथेच बसतील."

"जर्मन?" आजी म्हणाली. "मी एवढं जग ओलांडून येणार, ते जर्मनांबरोबर बटाटे खायला?"

"मग पहिल्या टेबलावर बसावं लागेल गं. आजोबांच्या शेजारी. ते स्वतःच्या जेवायच्या काड्यांनी तुझ्या वाटीत वाढणार, सगळं गाव बघत असणार. तिथे जर तू…"

"तिथे मी काय?"

"काही नाही." कार्लिक हसला, पण ते हसू आजीला आवडलं नाही. "म्हातारा माणूस आहे, आजी. मनाला लावून घेतो. रविवारपर्यंत सांग, मांडववाल्याला टेबलं सांगायचीत."

फोन ठेवल्यावर आजी टेबलाशी तशीच बसून राहिली. पहिल्या टेबलावर घरची माणसं बसतात. दुसरीकडे पाहुणे. तिला त्या पोराच्या लग्नात पाहुणी व्हायचं नव्हतं. कपड्यांच्या धंद्यातून लिएनने आता किराणा दुकान काढलं होतं. आजी तिथे गेली, लिएन माल लावायला आत गेल्याचं बघून गल्ल्यावरच्या पोरीकडून बाटली विकत घेतली आणि चोरीचा माल आणावा तशी पदराआड, म्हणजे कोटाआड, घरी आणली.

शनिवारी तिचा मुलगा राडेक आला, बायकोने दिलेलं बोचकं घेऊन. त्याने टेबलावर एकेक वस्तू मांडली. हात पुसायचे औषधी कागद. पोट बिघडलं तर घ्यायच्या कोळशाच्या गोळ्या. डब्यातलं पॅटे, म्हणजे वाटलेलं मांस, भरपूर. पावात घालून बांधलेले मांसाचे तळलेले तुकडे, ज्यांच्याशिवाय आमचा माणूस शेजारच्या गावीसुद्धा जात नाही. आणि घरच्या स्लिवोवित्सेची प्लास्टिकच्या बाटलीत भरलेली रसद.

"तिथलं काही तोंडात घालायची वेळच येणार नाही बघ तुझ्यावर," राडेक म्हणाला.

"मी लग्नाला चाललेय की युद्धावर?"

"लग्नालाच. पण खायचं आपलं."

"म्हणजे सगळे जेवत असताना मी पॅटेचा डबा उघडून बसू?"

"बाथरूममध्ये जाऊन खा ना. कोण बघतंय?" मग त्याने नाक वर केलं आणि हुंगलं. "शी! आई, इथे काय मेलंय?"

"मेलंबिलं काही नाही. माशांचं पाणी आहे."

"घरात? अगं, माणसं खातात होय हे?" असं म्हणत त्याने फ्रिज उघडला आणि त्वारूझ्की काढली. हे आमच्या मुलखातलं चीज. पिवळं, चिकट, आणि वास असा की परगावचा माणूस आगगाडीत डबा बदलतो. राडेकने पावाला डुकराची चरबी फासली, वर ते चीज थापलं, वर कांदा घातला, आणि घास तोंडात असतानाच पुढे बोलू लागला. "कुजलेले मासे! विचार कर! नाक नाही का त्या लोकांना?"

आपला तो बाब्या. आजी त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या ओठाच्या कडेला चरबी चकाकत होती, बोटांवर पिवळा लगदा होता आणि तो एकेक बोट चाटत होता. हे चीज ती जन्मभर खात आली होती आणि आज तिला पहिल्यांदाच त्याची शिसारी आली. की त्याची नाही, खाणाऱ्याची? पोटच्या पोराबद्दल असं वाटावं, याचीही तिला लाज वाटली.

"आणि तू तरी एवढा जीव का टाकतेस?" राडेक म्हणाला. "पोर त्यांचं, लग्न त्यांचं. तू शेवटी कोण? सांभाळणारी बाई. सांभाळलंस, झालं."

"ऊठ," आजी म्हणाली.

"आं?"

"ऊठ, हात धू, आणि हे डबे उचल."

"आई, मी तुझ्या भल्याचं…"

"माझं भलं घेऊन जा घरी. तुझ्या बायकोला सांग, बाथरूममध्ये बसून खा."

राडेक डबे घेऊन गेला. जाताना स्लिवोवित्से मात्र ठेवून गेला, कारण स्लिवोवित्से परत नेण्याइतकं आमच्यात कुणी रागावत नाही. तो गेल्यावर आजीने खिडकी उघडली, बाटली काढली, आणि सूड घ्यावा तसा एक अख्खा चमचा तोंडात घातला. तो तोंडात टिकला नाही. तिने खळखळून चूळ भरली, दुसऱ्यांदा भरली, तरी घशात कुठेतरी एक मेलेला मासा शेपूट हलवत होता. ती खुर्चीत बसली आणि तिला रडू आलं. राडेकचं म्हणणं खरं ठरणार होतं. उद्या रविवार. उद्या तिला जर्मनांचं टेबल पत्करावं लागणार होतं.

रविवारी लिएन नेहमीप्रमाणे जेवायला आली. कार्लिक पाळण्यात होता तेव्हापासूनचा हा रिवाज. नवरा ठोक बाजारात असायचा, कार्लिक ब्रनोला गेला, पण लिएनचा रविवार चुकला नाही. चुलीवर तिच्या आवडीचं कालवण रटरटत होतं. शेपू बारीक चिरून, घट्ट सायीत पीठ लावून, वर व्हिनेगर आणि साखर. बरोबर उकडलेलं अंडं आणि क्नेदलिक, म्हणजे पिठाचे वाफवलेले उंडे, दोऱ्याने गोल कापलेले. लिएनसाठी म्हणून आजी उन्हाळ्यात शेपू चिरून बरण्या भरून ठेवायची, थंडीतही खंड पडायला नको.

लिएनने दारातच नाक वर केलं. "आजी, आज तुमच्या घराला आमच्या घरचा वास येतोय."

आजीने दडवायचा प्रयत्न केला नाही. पिठाच्या डब्यामागून बाटली काढून टेबलावर आपटली आणि सगळं सांगून टाकलं. कार्लिकचा फोन, रोजची तालीम, सिंक, सगळं.

लिएन आधी हसली. पोट धरून हसली. "आजी, तुम्ही ते चमच्याने पिता? अहो, आम्ही पण नाही पीत!" मग तिने आजीचे लाल डोळे पाहिले, हसू आवरलं आणि खुर्ची ओढून समोर बसली. एका वाटीत ते पाणी ओतलं, लिंबू पिळलं, मिरची टाकली. क्नेदलिकचा तुकडा बुडवला.

"खा. मला बघू दे."

आजीने खाल्लं. ओठ एकीकडे, डोळे दुसरीकडे.

"चुकलं," लिएन म्हणाली. दुकानातल्या नव्या पोरीला शिकवताना असायचा तसा तिचा आवाज झाला. "तुम्ही आधी वास घेता, मग खाता. घास उचलायच्या आधी श्वास सोडायचा. सगळा. घास मोठा घ्यायचा, बारका घास जिभेवर हिंडत बसतो. दोनदा चावायचं, गिळायचं. गिळल्यावर श्वास तोंडाने घ्यायचा, नाकाने घेतलात की मेलात. आणि बघायचं कुठे? ताटात नाही. वाढणाऱ्याच्या तोंडाकडे. डोळ्यांनी हसायचं, तोंडाला तेव्हा दुसरं काम असतं."

"बरं."

"आणि सगळ्यात महत्त्वाचं. ताट रिकामं करायचं नाही. थोडं ठेवायचं. रिकामं केलंत की परत वाढतात."

आजी हसली. मग तिचं हसू मध्येच थांबलं.

"तुला गं हे सगळं कसं माहीत? तू तर हे आईच्या दुधाबरोबर प्यायलीस."

लिएनने फडकं उचललं. टेबल पुसायला लागली, जिथे पुसण्यासारखं काही नव्हतं तिथे. पण पुसता पुसता तिची नजर एकदा चुलीकडे गेली, पातेल्याकडे, आणि पटकन परत आली.

"लिएन."

"जाऊ द्या ना, आजी."

"शेपू?"

"शेपू चांगली असते हो. आम्ही माशात घालतो. पण तुम्ही ती दुधात…" लिएनने फडकं खाली ठेवलं. इतक्या वर्षांचं झाकण एकदा सरकलं आणि मग ते तिच्याही हातात राहिलं नाही. "दुधात! आणि वर साखर! आणि वर व्हिनेगर! गोड पण, आंबट पण, कोमट, पांढरं, आणि त्यात ते हिरवे केस! बाळाने दूध ओकावं ना, आजी, आणि ते कुणी परत गरम करावं, तसं!" आणि तिने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबलं.

पातेलं रटरटत होतं.

आजीला पहिला रविवार आठवला. ती एवढीशी पोरगी, मान खाली घालून बसलेली, आणि तिने ताट चाटूनपुसून साफ केलेलं. आमच्या घरी साफ ताटाचा एकच अर्थ असतो. आजीने आणखी एक डाव वाढला होता. तोही संपला होता. त्या दिवसापासून आजीने सगळ्या गावाला सांगितलं होतं की कार्लिकच्या आईला शेपूचं कालवण फार आवडतं, आणि दर रविवारी तेच केलं होतं.

"आणि मग?" आजीने विचारलं. "खाऊन काय करायचीस?"

"पहिली काही वर्षं तुमच्या त्या आलुबुखारच्या झाडामागे जायचे. नंतर सवय झाली. नंतर नुसतं फिरून यायचे."

दोघींची नजर एकदम टेबलावरच्या स्लिवोवित्सेवर गेली. त्याच झाडाची होती. दरवर्षी फांद्या मोडतील इतकी फळं धरायचं ते झाड, आणि राडेक तीच दारू डॉक्टरला, पाद्रीबुवाला, पोस्टमनला मोठ्या अभिमानाने वाटायचा.

आजीला हसू आलं नाही. तिला संताप आला.

"इतकी वर्षं माझ्या टेबलावर बसून खोटं बोललीस?"

"खोटं कुठे बोलले? खाल्लं की."

"मला सांगायचंस! तोंड होतं ना तुला?"

"होतं. त्यात तुमची शेपू होती." लिएनचा आवाज चढला नाही. "आजी, अंधारात बाजार गाठायचा असायचा. पोर तुमच्या मांडीवर झोपलेलं असायचं. मी म्हटलं असतं, तुमचं अन्न माझ्या घशाखाली उतरत नाही, आणि तुम्ही म्हणाला असतात, मग पोरही दुसरीकडे ठेव, तर मी कुठे जाणार होते? मला माझं पोर तुमच्या पंक्तीत बसवायचं होतं. म्हणून गिळलं."

आजीने आपल्या हातातल्या डावाकडे पाहिलं. जंत पाहून जिला काही झालं नव्हतं तिला आता शिसारी आली. माशांच्या पाण्याने नाही. आपण दर रविवारी समोर बसून, गालावर हात ठेवून, त्या पोरीला खाताना कौतुकाने बघत होतो, आणि 'घे गं, लाजू नकोस' म्हणत होतो, त्याने. स्वतःची इतकी किळस तिला कधीच आली नव्हती.

ती उठली. फडक्याने पातेलं उचललं, अंगणात गेली आणि अख्खं कालवण आलुबुखारच्या मुळाशी ओतलं.

"इतके दिवस चोरून खाल्लंस," ती झाडाला म्हणाली, "आज राजरोस खा."

कुंपणापलीकडून शेजारणीने मान वर केली. "काय गं यारमिला, कालवण बिघडलं?"

"पहिल्या दिवसापासून," आजी म्हणाली आणि आत आली.

ती बसली, ताटात क्नेदलिक घेतले आणि वाटी पुढे ओढली. श्वास सोडला. सगळा. मोठा घास घेतला. दोनदा चावला, गिळला. डोळे लिएनच्या तोंडावर ठेवले.

"भुवई हलली," लिएन म्हणाली. "डावी. पुन्हा."

पुन्हा. घाण ती घाणच होती, लिंबू पिळलं म्हणून तिचं अमृत झालं नव्हतं. आजीच्या कपाळावर घाम आला, कानाची पाळी लाल झाली, पण भुवई जागेवर राहिली. तिने आणखी एक घास बुडवला. तेवढ्यात फोन वाजला. आजीचं तोंड भरलेलं होतं, म्हणून लिएनने उचलला आणि टेबलावर उघडा ठेवला.

"आजी," कार्लिकचा आवाज आला, "मांडववाला तिकडे आजोबांकडे येऊन उभा आहे. जर्मनांबरोबर लिहायला सांगू ना?"

"अरे, आजोबांशेजारी लिही," लिएन म्हणाली.

"आई? तू आहेस होय. पण तिला जमेल का? सगळ्यांसमोर तोंड वाकडं केलं तर?"

लिएन आजीकडे बघत होती. आजी गिळत होती आणि डोळ्यांनी हसत होती, डोळ्यांत पाणी होतं तरी.

"मला जमलं होतं," लिएन म्हणाली.

"तुला? तुला काय जमलं होतं?"

लिएनने वाटी आजीकडे सरकवली. आजीने शेवटचा घास तोंडात घातला आणि मगच तिच्या लक्षात आलं की धडा विसरला. ताट रिकामं झालं होतं. लिएनने न विचारता पुन्हा वाढलं.